ताणलेल्या पत्र्याचा सूर

विमानात बसलेल्या माणसाला इंजिन ऐकू येतच नाही. त्याला ऐकू येतो तो पत्रा. हे वाक्य ठोक्या गेली एकोणतीस वर्षं भेटेल त्याला ऐकवत आला होता आणि भेटेल तो हसून मान डोलवत आला होता. पण गोष्ट खरी. इंजिनाच्या शेपटातून तापलेला झोत सुटतो, थंड हवेत घुसतो, आणि दोघांची जी झटापट होते तिचा गडगडाट विमानाच्या मागच्या अंगावर येऊन आपटतो. पत्रा तो केवढासा! नखाच्या जाडीचा. बाहेरून मार बसला की तो शहारतो, तो शहारला की त्याला चिकटलेली आतली हवा शहारते, आणि ती हवा जाते थेट माणसाच्या कानात.

"थोडक्यात काय, बोलतो बाहेरचा आणि चहाडी करतो पत्रा," ठोक्या म्हणायचा. "बोलणाऱ्याचं तोंड आपल्याला धरता येत नाही. चहाडखोराला निदान दामटता तरी येतं."

ते दामटणं हेच त्याचं काम. विमानतळामागच्या एका बसक्या इमारतीत दोन खोल्या होत्या, मध्ये एकच भिंत. एक गोंगाटाची खोली. तिच्यात माणसाएवढे सहा भोंगे, आणि ते सुरू झाले की पोटातलं पाणी हलायचं. दुसरी मुकी खोली. ती पोलादाची कोठी, आतून फोमच्या सुळक्यांनी मढवलेली, इतकी गप्प की नवखा माणूस पाच मिनिटांत स्वतःच्या रक्ताचा आवाज ऐकून बाहेर पळायचा. मधल्या भिंतीत खिडकीएवढं भोक. त्या भोकात पत्रा बसवायचा, इकडून भोंगे सोडायचे आणि पत्रा तिकडे किती चहाडी करतो ते मायक्रोफोनांनी टिपायचं.

पत्रा चौकटीत बसला की ठोक्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाच्या पेराने त्याच्यावर एकदा ठोकायचा आणि कान लावायचा. कुठे रिव्हेट ढिला, कुठे डिंक सुटलाय, कुठे केसाएवढी चीर, सगळं त्याला त्या एका ठोक्यात कळायचं. म्हणून हे नाव. खरं नाव पगाराच्या कागदापुरतं उरलं होतं.

त्याला एकच लेक. तिला तो चिमणी म्हणायचा. आई ती लहान असतानाच गेली, बापाने वाढवली. रोज सकाळी देवासमोर दिवा लावून दोघं मिळून एक गाणं म्हणायची; बाप खालून धरायचा, लेक वर उचलायची. शेवटच्या ओळीत एक उंच सूर होता. तिथे ती पोहोचली की ठोक्याचे डोळे आपोआप मिटायचे. देव आहे की नाही असं कोणी विचारलं असतं तर त्याने त्या सुराकडे बोट दाखवलं असतं.

चिमणी मोठी झाली आणि विमानात हवाईसुंदरी म्हणून लागली. नव्या मुलींना शेवटची बसायची जागा मिळते, शेपटाजवळची घडीची खुर्ची. डोक्यामागे वीतभर अंतरावर विमानाचा मागचा पत्रा. तिसऱ्या वर्षी ती जेवताना "काय?" म्हणायला लागली. चौथ्या वर्षी रेडिओचं बटण ठोक्या खाली करायचा आणि ती वर. शेवटी डॉक्टरांनी तिच्या कानांचा आलेख काढला. रेघ सरळ चालत येत होती आणि उजवीकडे, उंच सुरांपाशी, खड्ड्यात पडत होती.

"जे सूर गेले ते गेले," डॉक्टर म्हणाले. "उरलेले सांभाळा. आवाजापासून लांब राहा."

"सोडून दे ना ही नोकरी," ठोक्या घरी आल्यावर म्हणाला.

"आणि खाली बसून काय करू? तुझ्यासारखी पत्रे बडवू?"

"कानात बोळे तरी घाल."

"बोळे घातले आणि पायलट काय म्हणाला ते ऐकू आलं नाही तर? बाबा, तू एवढा पत्र्यांचा डॉक्टर. माझ्या डोक्यामागच्या पत्र्याला गप्प कर की."

ती थट्टेत म्हणाली. ठोक्याने ते पदरात बांधून घेतलं.

योगायोग असा की त्याच सुमारास कंपनीने जुन्या विमानांच्या मागच्या पत्र्यांचं काम त्यांच्याच प्रयोगशाळेकडे पाठवलं. हे काम पाहणाऱ्या होत्या प्रयोगशाळेतल्या मॅडम. वयाने चिमणीहून थोड्या मोठ्या, हुशार, आणि ठोक्याला काका म्हणणाऱ्या. त्यांनी युक्ती काढली: पत्र्याच्या आतल्या बाजूला पोटात मऊ थर असलेल्या धातूच्या बारीक पट्ट्या चिकटवायच्या. प्रत्येक पट्टी एकेका सुराला लावलेली. पत्रा त्या सुरात थरथरला की त्याची थरथर पट्टी आपल्या पोटात घेणार आणि जिरवणार. कुठली पट्टी कुठे, केवढी, हे मात्र पत्र्यालाच विचारून ठरवायचं होतं.

"प्रयोग एकदाच," मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं. "ही विमानं तशीही सहा-सात वर्षांची सोबती. पहिल्या फटक्यात जमलं तर सगळ्यांना पट्ट्या बसतील. नाही तर फाइल बंद."

"पहिल्या फटक्यातच जमवू," ठोक्या म्हणाला.

आता एक गोष्ट इथे सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. आकाशात विमानाच्या पोटात हवा कोंडलेली असते आणि बाहेर विरळ. त्यामुळे पत्रा बाहेर फुगतो, ताणला जातो. म्हणून प्रयोगातही मुक्या खोलीचं रबराच्या किनारीचं जाड दार लावून आत पंपाने हवा भरायची, पत्रा तसाच ताणायचा. पण पंप चालू ठेवला तर त्याची घरघर मायक्रोफोनात उतरते. म्हणून हवा भरली की पंप बंद, मग बारा मिनिटं भोंगे. तेवढा वेळ हवा टिकली पाहिजे. ती टिकली की नाही हे सांगणारा काटा केव्हाच एका जागी अडकून बसला होता. नवा मागवलेला होता, आणि तो अनेक वर्षं "येतोय, येतोय" करत वाटेतच होता. पण त्यावाचून कोणाचं अडलं नव्हतं. भोंगे सुरू व्हायच्या आधी ठोक्या भोंग्यांच्या बाजूने पत्र्यावर एक ठोका मारायचा, भोंगे थांबले की दुसरा. सूर तोच तर हवा तीच. सूर उतरला तर हवा गेली, प्रयोग रद्द. मॅडमच्या तक्त्यात त्यासाठी एक रकाना होता आणि त्यात ठोक्याचा शब्द लिहिला जायचा. त्या शब्दावर कोणी कधी शंका घेतली नव्हती.

आणि ठोक्याला दोन वर्षांपासून नीट ऐकू येत नव्हतं.

आधी घड्याळाचा गजर गेला. मग किटलीची शिट्टी. पत्र्याचा "ठप" त्याला अजून ऐकू यायचा, तो तर हाडांतूनही येतो. पण त्या ठपच्या मागे जी बारीक किणकिण उठते आणि जिच्यावरून पत्र्याचा ताण कळतो, ती हळूहळू धुक्यात गेली होती. त्याने कोणाला सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. सांगितलं असतं तर सामानाच्या कोठारात बसून स्क्रू मोजत बसावं लागलं असतं. आणि ठोका ऐकू न येणारा ठोक्या म्हणजे कोण? एकोणतीस वर्षांच्या सवयीने बोट बरोबर पडायचं, मान बरोबर डोलायची. आजवर दाराचं रबर कधी फसलं नव्हतं, मग आताच कशाला फसेल? असं त्याने स्वतःला समजावलं होतं.

दीड महिना प्रयोग चालले. भोंगेवाला भोंगे सोडायचा, मॅडम आकडे घ्यायच्या, ठोक्या पट्टी काढायचा, बोटभर सरकवायचा, पुन्हा चिकटवायचा.

"काय काका, उतरला का?" प्रत्येक वेळी मॅडम विचारायच्या.

ठोक्या पेर टेकवायचा, डोळे मिटायचा. "तोच आहे."

"लिहू?"

"लिहा."

शेवटच्या प्रयोगाला पत्रा असा गप्प झाला की भोंगेवाल्याने यंत्र बिघडलं समजून तारा तपासल्या. मॅडम आकड्यांकडे बघत खुर्चीत मागे रेलल्या.

"काका, तुम्ही याच्या तोंडाला कुलूपच लावलंत."

"अरे, घरात बायको नाही म्हणून पत्र्यावर जोर चालतो याचा," भोंगेवाला म्हणाला आणि त्याने ठोक्याच्या पाठीत अशी थाप मारली की ती निश्चित ऐकू आली.

मॅडमच्या शब्दाखातर कंपनीने पहिला पत्रा चिमणीच्या नेहमीच्या विमानात बसवू दिला. ठोक्याने तो स्वतः बसवला. शेपटातली ती अरुंद जागा, घडीची खुर्ची, खुर्चीच्या पाठीला लेकीच्या डोक्याने पडलेला किंचित तेलकट डाग. त्या डागामागेच पत्रा होता. शेवटचा स्क्रू फिरवून त्याने कपाळ पत्र्याला टेकवलं आणि पुटपुटला, "देवा, माझं काय व्हायचं ते होऊ दे. हिचं एवढं राख."

चार दिवसांनी चिमणी घरी आली. बॅग दारातच ठेवून ती बुटांसकट खुर्चीवर बसली.

"काय गं? कसं आहे?"

"सांगते. आधी पाणी दे."

पाणी पिऊन झाल्यावर ती बूट काढू लागली.

"अगं, बोल की!"

"बाबा, जमिनीवर होतो ना, तोवर एकदम गप्प. मला वाटलं, इंजिनच बंद पडलंय. मी त्या दुसरीला म्हणालेसुद्धा, बघ, माझ्या बापाचा हात लागलाय. मग वर चढायला लागलो. जसजसं वर, तसतसा तो जागा होत गेला. पूर्ण वर पोहोचलो तेव्हा पहिल्यासारखाच. नाही. खरं सांगू? थोडा जास्तच. आणि आता बारीक ओरडतो."

ठोक्याच्या हातात तिचा रिकामा पेला होता. तो त्याने टेबलावर ठेवला, पुन्हा उचलला.

लहानपणी त्याचा बाप कीर्तनात पखवाज वाजवायचा. बुवा गात, मध्येच थांबून गोष्ट सांगत, पुन्हा गात, आणि बाप मांडीवरच्या पखवाजाची दोरी आवळत म्हणायचा, "पोरा, चामडं ताणलं की सूर चढतो. ढिलं सोडलं की उतरतो. एवढं कळलं तर अर्धी विद्या आली." ती अर्धी विद्या ठोक्याला सहाव्या वर्षी आली होती. पट्ट्या लावल्या त्या ढिल्या पत्र्याच्या सुराला. आकाशात पत्रा ताणला गेला, सूर चढला, आणि पट्ट्या खालच्या सुरांची वाट बघत बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम यायच्या आत तो प्रयोगशाळेत गेला. भोंगेवाला आलेला होता. ठोक्याने मुक्या खोलीत हवा भरली, पंप बंद केला आणि दाराच्या रबरावरून साबणाच्या पाण्याचा बोळा फिरवला. खालच्या बिजागरीपाशी बुडबुड्यांची माळ फुलत राहिली, पोराने फुंकर घातल्यासारखी. तीन मिनिटांत ती विझली. आत कोंडलेलं सगळं संपलं होतं.

त्याने पुन्हा हवा भरली.

"इकडे ये," तो भोंगेवाल्याला म्हणाला. "मी आता ठोकतो. मग तीन मिनिटं थांबून पुन्हा ठोकतो. दोन्ही नीट ऐक."

"मी कशाला? कान तुझे."

"ऐक रे बाबा."

ठप. तीन मिनिटं. ठप.

"उतरला," भोंगेवाला म्हणाला. "चांगला दणकून उतरला. माझ्या आंधळ्या सासऱ्याला दिसेल इतका उतरला. तुला..." त्याने ठोक्याकडे नीट पाहिलं आणि त्याच्या तोंडावरचं हसू गळून पडलं. "तुला नाही कळलं?"

ठोक्याने नकारार्थी मान हलवली.

"अरे, मग दीड महिना तू काय ऐकत होतास?"

ठोक्या साबणाच्या पाण्याचा बोळा पिळत राहिला. खरं उत्तर होतं, पण ते तोंडातून निघण्यासारखं नव्हतं: तो चिमणीचं "काय?" ऐकत होता. पत्र्याला कान लावला की त्याला तेच ऐकू यायचं आणि घाई व्हायची.

मॅडम आल्यावर त्याने उभ्यानेच सगळं सांगितलं. दाराचं रबर, बुडबुडे, आणि कान. त्यांनी तक्ता उघडला, ठोक्याच्या शब्दांच्या रकान्यावरून बोट वरून खाली फिरवलं. तोच, तोच, तोच. पानभर.

"काका," त्या म्हणाल्या, "मला सांगायचं होतंत. मी दुसरा कान आणला असता. काटा आणला असता. स्वतः जाऊन आणला असता."

"हो."

"तुमच्याच मुलीचं होतं ना हे?"

"हो."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी तक्ता मिटला. मग कंपनीला पत्र लिहिलं, सगळी चूक स्वतःच्या नावावर घेतली, नवं रबर घालून पुन्हा करू द्या अशी विनवणी केली. उत्तर आठवड्यात आलं, तीन ओळींचं. विमानांची वर्षं थोडी उरली आहेत, काम थांबवावं, बसवलेला पत्रा आहे तसा राहू द्यावा. दाराचं नवं रबर आणि नवा काटा मात्र त्याच महिन्यात आले. ते बसवायला ठोक्या नव्हता. तो कोठारात स्क्रू मोजत होता, मागितलेले, न मागितलेले. येणारा-जाणारा अजून "काय ठोक्या?" म्हणायचा आणि मग जीभ चावायचा.

चिमणीला त्याने सगळं सांगितलं होतं. रबराचं सांगितलं, ढिल्या पत्र्याचं सांगितलं. कानांचं तेवढं सांगितलं नाही. तिने बापाचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "रबर फसलं त्यात तुझा काय दोष?" ते ऐकून त्याला जेवण गेलं नाही.

ती त्याच खुर्चीत बसून उडत राहिली. पावसाळा गेला, हिवाळा आला, आणि तिची वर्षाची तपासणी झाली. त्या दिवशी ती दुपारीच घरी आली, गणवेश घडी करून कपाटात ठेवला, आणि कपाटाचं दार लावल्यावर बराच वेळ त्याला टेकून उभी राहिली. कागदावर लिहिलं होतं की उड्डाणाला अपात्र. रेघेचा खड्डा आता डावीकडे बराच आत आला होता.

"तेव्हाच सोडली असती तर हे एवढं..." ठोक्या म्हणाला.

"काय?"

"काही नाही."

सकाळी तिने दिवा लावला. बरेच महिने गाणं झालं नव्हतं. कधी ती आकाशात, कधी तिला कंटाळा. आज तीच म्हणाली, "चल, म्हणू." बापाने खालून धरलं. आवाज चिरका झाला होता, पण धरलं. ती हळूहळू वर चढली. शेवटच्या ओळीपाशी आली. ठोक्याचे डोळे सवयीने मिटले.

तिचं तोंड उघडलेलं होतं, मानेच्या शिरा ताणल्या होत्या, हे त्याला डोळे उघडल्यावर दिसलं. ऐकू आला तो फक्त खालचा श्वास. वरचं सगळं धुकं.

गाणं संपलं. तिने त्याच्याकडे वळून पाहिलं, त्याचे ओठ नीट दिसावेत म्हणून थोडं पुढे झुकून. ती असं झुकते हे त्याच्या आज लक्षात आलं.

"बाबा, वरचा लागला ना? मला माझाच आता कळत नाही."

"तोच आहे" हे दोन शब्द त्याच्या जिभेवर तयार होते. दीड महिना रोज उच्चारलेले, गुळगुळीत झालेले. एक मान डोलावली की पोर सुखाने उठली असती.

"मला ऐकू येत नाही गं," तो म्हणाला.

"काय?"

त्याने तोंड तिच्या कानाशी नेलं. "मला ऐकू येत नाही. तुझा वरचा सूर. दोन वर्षांहून जास्त झाली. पत्र्याचाही येत नव्हता. तेव्हाही येत नव्हता. सगळ्यांना वाटलं मी ऐकतोय."

ती त्याच्याकडे बघत राहिली. तिला कुठल्या क्षणी कळलं ते त्याला दिसलं, कारण तेव्हा तिचा हात नकळत स्वतःच्या डोक्यामागे गेला, जिथे ती खुर्चीला टेकायची.

ती ओरडली नाही. रडलीही नाही. तो हात खाली घेऊन म्हणाली, "मग आपण म्हणतोय कुणासाठी? दोघांनाही येत नाही ऐकू."

ठोक्याने दिव्याकडे पाहिलं. एरवी त्याच्याकडे याचं उत्तर असतं, शंभर कीर्तनांतून साठवलेलं, गोष्टीसकट. आज त्याने नुसती वात पुढे सरकवली.

तेवढ्यात घरावरून विमान गेलं. दोघांनाही त्याचा जाडाभरडा गडगडाट तेवढा कळला. खिडकीची काच चौकटीत थरथरायला लागली. चिमणी उठली, खिडकीपाशी गेली आणि तिने तळहात काचेवर ठेवला. विमान लांब गेलं, काच थांबली. तिने हात काढला नाही. पाठमोरीच म्हणाली, "हे येतं. एवढं येतं अजून."

ठोक्या उठून तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला. काचेवर हात ठेवायचं धाडस त्याला झालं नाही. दोघं पुढच्या विमानाची वाट बघत राहिले, आणि मागे दिव्यातलं तेल संपत आलं होतं.